डाव्या बुटातलं पत्र

केलम, इंडियाना
गुरुवार, ६ ऑक्टोबर १९८३

आत्या,

स्केटिंगच्या बुटांची पहिली जोडी आजच्या बसने पाठवतोय. पत्र नेहमीसारखं डाव्या बुटात कोंबलंय, वास आला तर आत्ताच माफ कर. दुसरी जोडी पायात आहे. पात्याच्या तळाला, दोन कडांच्या मध्ये, तुझी नेहमीची खोल पन्हळ पाड, चौदा वर्षं पाडतेस तीच. इथल्या बर्फाच्या रिंकवर धार लावायचं यंत्र आहे, पण ते चालवणारा माणूस पॉपकॉर्नही विकतो आणि दोन्ही कामं त्याच तेलकट हातांनी करतो.

केलम आहे तसंच आहे. मिसेस हॅनिगनच्या घरी तीच वरची खोली, तीच गळकी खिडकी, सोमवारी आणि बुधवारी तोच खिम्याचा वडा. आइस हॉकी संघाची बसही तीच. यंदाही आठ गावं आणि सत्तर सामने.

नवीन एकच गोष्ट आहे आणि ती वाईट आहे. लीगने नियम काढलाय. ज्याचे दोनशे साठच्या वर व्यावसायिक सामने झालेत तो 'म्हातारा'. एका संघात म्हातारे चारच. तरुण पोरांना संधी मिळावी म्हणे. आमच्याकडे आहेत पाच. मी, क्वेबेकचा थिबो, गोलकीपर रस आणि ते दोघे मॅकब्राइड भाऊ. कोच डेकरने फळ्यावर पाचही नावं लिहिली आणि म्हणाला, "एकतीस जानेवारीपर्यंत दर सामन्याला तुमच्यातला एकजण सूट घालून प्रेक्षकांत बसेल. एकतीसला मी एक नाव पुसणार." खडू खाली ठेवला आणि जेवायला गेला.

बत्तिसाव्या वर्षी म्हातारा! हसू नकोस. मला चौघांत राहायचंय, आत्या. इथून नाव पुसलं गेलं तर दुसरा संघ घेणार नाही, त्यांच्याकडेही म्हातारे भरलेले आहेत. आणि मला दुसरं काही येत नाही.

लेन


हार्टनेल, मिनेसोटा
१३ ऑक्टोबर १९८३

लेन,

वास आला. पत्र खिडकीत वाळत घालून मग वाचलं.

बत्तिसाव्या वर्षी म्हातारा म्हणवून घेतोस आणि रडतोस? मी चौसष्टची आहे, रोज सकाळी सहाला रिंकवर येऊन धारेचं चाक सुरू करते, आणि माझं नाव फळ्यावर लिहायची कुणाची हिंमत नाही.

आता माझं ऐक. उजव्या पात्याची आतली कड डाव्यापेक्षा जास्त झिजलीय. उजवा गुडघा वाचवतोयस. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. तू मला काहीही लिही, पात्यावर मला सगळं दिसतं. सातवीत तू शाळा बुडवून तळ्यावर खेळायला गेला होतास तेही मला पात्यावरच दिसलं होतं, आठवतंय ना? वाळू होती.

इकडे खाण बंदच आहे. निम्मं गाव घरी बसलंय आणि उरलेलं निम्मं रिंकच्या समितीवर. समितीला माझी धारेची टपरी बंद करायचीय. हायवेवर नवीन दुकान निघालंय, तिथलं यंत्र म्हणे आपोआप धार लावतं. मी त्यांना तुझे बूट टांगते त्या खुंटीवरचा नावाचा पुठ्ठा दाखवला, 'एल. ब्रोडनिक, व्यावसायिक खेळाडू'. म्हटलं, "आठशे मैलांवरून एक व्यावसायिक माणूस माझ्याकडे बूट पाठवतो. तुमच्या आपोआप यंत्राकडे कोण पाठवतं?" विषय पुढे ढकलला त्यांनी. तू खेळतोयस तोवर मला उठवणार नाहीत.

पोटीत्साची गोड पावरोटी भाजून पाठवतेय, आत आक्रोड भरपूर घातलेत. एकटा खाऊ नकोस, पण त्या थिबोला दिली नाहीस तरी चालेल. त्याचा डोळा तुझ्याच जागेवर आहे.

दोन्ही कडांवर नाणं आडवं ठेवून पाहिलंय. सरळ बसतं.

आत्या


केलम
३ नोव्हेंबर १९८३

आत्या,

पोटीत्सा थिबोनेच संपवली. तो म्हणतो, तुझ्या आत्याला सांग, मी तिच्याशी लग्नाला तयार आहे, फक्त वय सांगू नकोस.

दहा सामने झाले. पाच जिंकले, पाच हरलो. मी तीनदा सूट घालून बसलो. शनिवारी ओहायोतून येताना बसचा हीटर गेला. सगळे खेळायचे मोजे हातात घालून बसलो होतो. धाकट्या मॅकब्राइडने तर डोक्यावरही घातला. डेकर पुढच्या सीटवरून ओरडला, "म्हाताऱ्यांना आत बसवा, पोरांना दाराशी!" या नियमाचा आजवर झालेला एवढाच फायदा.

गुडघा ठीक आहे. वळताना थोडा अडकतो. तेव्हा बर्फ पात्याला धरून ठेवतो असं वाटतं, म्हणजे पाय वळतो आणि बूट मागेच राहतो. डेकरने पाहिलंय. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

काळजी करू नकोस. तुझ्या धारेचा दोष नाही.

लेन


हार्टनेल
१० नोव्हेंबर १९८३

लेन,

माझ्या धारेचा दोष नाही हे तू मला सांगायची गरज नव्हती.

तुझ्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, मी हीच पन्हळ देत होते. खाणीत गेला आणि परत आला नाही, त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा तो याच धारेवर खेळला. तू अठराचा झालास तेव्हा तुला दिली. खोल पन्हळ बर्फ घट्ट धरते. बचावाला उभ्या राहणाऱ्या माणसाने जागा सोडायची नसते. अडकतंय तर गुडघा शेक, वाकून खेळ, आणि रात्री बिअर एक कमी पी.

तोइवो लाहती काल टपरीसमोरून गेला. एकोणीस वर्षं आम्ही बोलत नाही, तरी जाताना तुझ्या बुटांकडे बघून मान हलवली. या माणसाने तीस वर्षं बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवली आणि घरी तळघरात फुकट धारा लावून दिल्या, म्हणून त्याला वाटतं आपल्याला कळतं. सरळ खाटकाचा हात आहे त्याचा. चौसष्ट साली सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन म्हणाला होता, "मित्सीची पन्हळ म्हणजे विहीर आहे, पोरं आत पडतील." ते मी विसरलेले नाही.

आत्या


केलम
१७ नोव्हेंबर १९८३

आत्या,

घाईत आहे, बस निघतेय. दोन सामने ओळीने सूट. डेकर म्हणाला, "लेन, तू उशिरा वळतोस. गेल्या वर्षी असा नव्हतास."

जोडी नेहमीसारखी पुढच्या गुरुवारी पाठव. त्या शनिवारी मी खेळणार आहे आणि तो सामना मला चुकवायचा नाही.

लेन


हार्टनेल
८ डिसेंबर १९८३

लेन,

जोडी दोन आठवडे उशिरा येतेय. अक्षर बघून घाबरू नकोस. चर्चच्या पायऱ्यांवर घसरले, उजव्या मनगटाला पट्टी आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. लिहायलाच त्रास होतो, बाकी सगळं ठीक. धार लावली आहे.

आता फार लिहिता येत नाही.

आत्या


केलम
१५ डिसेंबर १९८३

आत्या,

मनगटाला पट्टी बांधून तू हे काय केलंस?

शनिवारी पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. बूट पायाखाली वाहत होते. वळायचं मनात आणलं की वळून झालेलं असायचं. गुडघा एकदाही अडकला नाही. दुसऱ्या डावात मी चकती घेऊन पूर्ण मैदान पार केलं आणि गोल केला. मी! तीन वर्षांत माझे चार गोल आहेत. थिबो म्हणाला, "तुझ्यात कोण शिरलंय?" काल रात्री आणखी एक केला. डेकरने वहीत परत काहीतरी लिहिलं, पण यावेळी लिहिताना माझ्याकडे बघत होता.

पन्हळ उथळ वाटते. बोट फिरवून पाहिलं, नक्कीच उथळ आहे. एवढी वर्षं खोल देत आलीस आणि आता बरोबर वेळेला बदललीस. मी एक ओळ लिहिली, बूट मागे राहतो म्हणून, आणि तुला तिथे बसून कळलं. तुझ्यासारखा हात सगळ्या लीगमध्ये कुणाचा नाही. हे मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं.

मनगट जप. दुसरी जोडी पाठवतोय, तिलाही अशीच धार दे.

लेन


हार्टनेल
२९ डिसेंबर १९८३

लेन,

धार आवडली. बरं झालं.

नाताळला तू तीनदा फोन केलास असं शेजारचे म्हणाले, त्यांना भिंतीतून घंटा ऐकू येते. मी घरी नव्हते. चर्चमध्ये होते. फोनवर मी ओरडते आणि तुला काही कळत नाही, त्यापेक्षा पत्र बरं.

हात सगळ्या लीगमध्ये कुणाचा नाही वगैरे टेबलावर सांगत बसू नकोस. लोक काय म्हणतील.

दुसऱ्या जोडीलाही तशीच लावली आहे. गोल करतोस म्हणून बचाव विसरू नकोस.

यंदा पोटीत्सा नाही. पीठ मळायला दोन हात लागतात.

आत्या


केलम
१२ जानेवारी १९८४

आत्या,

अकरा सामने ओळीने खेळलो, सूट कपाटात आहे. मिसेस हॅनिगनने त्याच्या खिशांत डांबराच्या गोळ्या ठेवल्यात. एकतीस तारखेला एकोणीस दिवस उरलेत.

आम्ही पाचजण एकमेकांशी फारच चांगले वागायला लागलोय. रसने मला कॉफी पाजली. थोरल्या मॅकब्राइडने माझी बॅग उचलली. एकमेकांच्या पायांकडे मात्र सारखं बघतो, कोण लंगडतोय का. थिबोची बायको दोन मुलींना घेऊन सामन्याला आली होती. धाकटी माझ्या मांडीवर झोपली. मनात आलं, हिच्या बापाचं नाव पुसलं जावं असं मला वाटतंय. मग मी तिला तिच्या आईकडे दिली.

डेकर काही बोलत नाही. पण मी आत्ता जसा खेळतोय तसा पाच वर्षांत खेळलो नव्हतो. राहिलो तर ते तुझ्यामुळे.

मनगटाची पट्टी अजून आहे का? अक्षर अजून डाव्या हाताचं दिसतं.

लेन


हार्टनेल
१९ जानेवारी १९८४

लेन,

पट्टी आहे. म्हातारी हाडं, वेळ लागतो.

मांडीवरच्या पोरीबद्दल लाज वाटून घेऊ नकोस. जागा एक कमी आहे, ती तुझ्यामुळे कमी झालेली नाही.

समितीची बैठक मार्चमध्ये आहे. तोवर तू चौघांत असलास की माझं काम सोपं. नसलास तरी बघू. आधी तू तुझं बघ.

एकतीस तारखेनंतर लगेच लिही. फोन नको.

आत्या


केलम
२ फेब्रुवारी १९८४

आत्या,

यादी लागली. काळजी करू नकोस. डेकर चांगलं बोलला, हातात हात घेतला. इथे सगळं नेहमीसारखं आहे, मिसेस हॅनिगनकडेच राहतोय. तुझ्या समितीला सांग, बूट येत राहतील.

लेन


हार्टनेल
९ फेब्रुवारी १९८४

लेन,

पत्र वाचून मी टपरीतल्या स्टुलावर बसून रडले. लिहितेय कारण कुणी पाहिलं नाही, म्हणजे एकाने पाहिलं, पण तो मोजण्यातला नाही.

राहिलास! तुझा बाप असता तर गावभर सांगत फिरला असता. त्याच्याऐवजी मी फिरले, बर्फातून, काठी घेऊन. समितीतल्या तिघांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. बेकरीवाल्याने फुकट पाव दिला.

पात्यांना तीच धार आहे. आता सगळे सामने लिही, कोण पडलं, कोणी पाडलं. मला ऐकायचंय.

आत्या


केलम
१६ फेब्रुवारी १९८४

आत्या,

गेल्या आठवड्यात तीन सामने झाले. पहिला ४–२ असा जिंकला. दुसरा ३–१ असा हरलो. तिसऱ्यात बरोबरी होती, शेवटच्या मिनिटाला थिबोने गोल करून विजय मिळवून दिला. प्रेक्षकसंख्या चौदाशे होती. संघ सध्या पाचव्या स्थानावर आहे.

गुडघा ठीक. बूट पाठवतोय.

लेन


हार्टनेल
१ मार्च १९८४

लेन,

दहा दिवस हे पत्र मनात लिहितेय. आता कागदावर लिहिते.

तू पाठवलेली जोडी अठरा तारखेच्या शनिवारी आली. चाकाशेजारच्या दिव्याखाली धरली. पात्यावर ओरखडे होते. लांब नव्हते, आखूड होते, आडवे, आणि टाचेशी करडी भुकटी. बर्फ असं झिजवत नाही, लेन. बर्फ कड गोल करतो. हे सिमेंट आहे. मागच्या दाराच्या पायरीवर बसून घासलंस ना? त्याखाली गेल्या खेपेची धार जशीच्या तशी होती. टाचेजवळ लावलेलं तेलसुद्धा तसंच. ते बूट एकदाही बर्फावर गेले नव्हते.

आणि ते पत्र! तू मला कधी प्रेक्षकसंख्या लिहिली आहेस? वर्तमानपत्रातून उतरवलंस. मी डोक्यावर मोजा घातलेला मॅकब्राइड वाचलेली बाई आहे, मला तू स्थान कितवं ते सांगतोस?

तुझं नाव पुसलं. एकतीस जानेवारीलाच पुसलं. हो ना?

आधी मला राग आला. मग तुझं पत्र पुन्हा काढलं, 'समितीला सांग, बूट येत राहतील', आणि कळलं तू कुणासाठी पायरीवर बसलास. मग रागवायला तोंड राहिलं नाही, कारण आता माझं ऐक.

चर्चच्या पायऱ्यांवर मी घसरले नव्हते. एकोणीस नोव्हेंबरला सकाळी टपरीतच पडले. उजवी बाजू गेली. तोंडही थोडं वाकडं झालंय, म्हणून फोन उचलत नाही, शब्द सरळ येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताचा लहान झटका होता. मला तो लहान वाटला नाही. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मी नोव्हेंबरपासून एकाही पात्याला धार लावलेली नाही.

ज्याने मला उचललं तो तोइवो लाहती. त्यानेच दवाखान्यात नेलं. घरी सोडायला आला तेव्हा तुझी जोडी टेबलावर होती. मी रडत होते की शनिवारी पोराचा सामना आहे. तो म्हणाला, "मित्सी, मी लावू का?" एकोणीस वर्षांनी मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "हात धुऊन ये."

त्याने पन्हळ उथळ केली. मी अर्ध्या तोंडाने ओरडले, "अरे, तो बचाव खेळतो!" तर म्हणतो कसा, "आणि बत्तीस वर्षांचा आहे. त्याचा गुडघा बघ, या पात्यावर लिहिलंय. तू त्याला एवढं घट्ट धरून ठेवलंस की त्याला वळता येईना." मी म्हटलं, बदलून बघ, पोरगा लगेच तक्रार करेल. आणि मग तुझं ते पत्र आलं. सगळ्या लीगमध्ये कुणाचा हात नाही म्हणून. ते मला तोइवोला वाचून दाखवावं लागलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

ते सगळे गोल त्याच्या हाताचे आहेत. आणि त्याआधीची अडकलेली वळणं माझ्या हाताची. तुझ्या बापाला दिलं तेच तुला देत राहिले, तुझे पाय कधी बघितलेच नाहीत. मी वर्षभर आधी बदललं असतं तर फळ्यावर तुझं नाव राहिलं असतं का? मला माहीत नाही. पण मी रोज हाच विचार करते.

तुला सांगितलं नाही कारण वाटलं, धार माझी नाही कळलं तर तुझा पाय डगमगेल. तू सांगितलं नाहीस माझ्या टपरीसाठी. महिनाभर बसने जे बूट येत-जात होते ते तू घालत नव्हतास आणि मी त्यांना धार लावत नव्हते.

सिमेंट आधी तोइवोने पाहिलं. संध्याकाळी म्हणाला, "मित्सी, पोरगा बर्फावर नाही. त्याला घरी बोलव." मी बोलावत नाही. तू खरं लिही, मग बघू.

आत्या


केलम
८ मार्च १९८४

आत्या,

खरं लिहितो.

एकतीस तारखेला डेकरने मला ऑफिसात बोलावलं. म्हणाला, "लेन, डिसेंबरपासून तू माझा सगळ्यात चांगला बचावपटू आहेस. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या वहीत आहे, आणि गुडघा तुझा आहे." हातात हात घेतला हे खोटं नव्हतं.

तेव्हापासून इथल्या कोंबड्यांच्या कारखान्यात पेट्या चढवतोय. निम्मं तुझ्यासाठी थांबलो, निम्मं या आशेवर की चौघांतला कुणीतरी पाय मोडून घेईल. देव मला क्षमा करो. कुणीच मोडला नाही. थिबो रोज येऊन बसतो, त्याला माझ्यापेक्षा वाईट वाटतं, आणि तेच मला सहन होत नाही.

पायरी मागच्या दाराचीच होती. मिसेस हॅनिगनने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "मिस्टर ब्रोडनिक, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, "आत्याला पत्र लिहितोय."

तू पडलीस आणि मी इथे बसून टेबलावर तुझ्या हाताची फुशारकी मारत होतो. मनगट म्हणालीस, मी विश्वास ठेवला. तीन महिने डाव्या हाताचं अक्षर बघून मला एकदाही शंका आली नाही. तुला दोन मिनिटांत सिमेंट दिसतं.

नोव्हेंबरबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. अडकतंय हे मला माहीत होतं. पन्हळ बदल, एवढे दोन शब्द मी लिहू शकलो असतो. लिहिले नाहीत, कारण बाबांची होती. तोइवोला माझा नमस्कार सांग. तो खाटीक आहे असं मी लहानपणापासून ऐकलं. तेही सांग.

बैठकीत समितीला सगळं सांगून टाक. पुठ्ठा काढून टाक. मी आता कुठलाही व्यावसायिक नाही.

लेन


हार्टनेल
१५ मार्च १९८४

लेन,

सांगून टाकलं. वाकड्या तोंडाने, सगळ्यांसमोर. चार महिने धारा कोण लावतोय ते सांगितलं आणि तुझं नाव पुसलं तेही सांगितलं. मग बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे माझ्या पोराच्या बुटांना तोइवोची धार होती? तरीच!" माझ्या तोंडावर म्हणाला मेला.

त्यांनी ठरवलंय, उन्हाळ्यापर्यंत टपरी चालू. सप्टेंबरला चाकावर दोन धड हातांचं कुणीतरी असेल तर पुढेही. तोइवो एकाहत्तरचा आहे आणि त्याला दुपारी झोप लागते. मी कुणाचं नाव सुचवलेलं नाही. पुठ्ठा काढलेला नाही, तो माझ्या खुंटीवर आहे, मी ठरवणार.

या बुटांबद्दल. ही तीच सिमेंटवाली जोडी. काल तोइवोला बाहेर उभं केलं, दाराला कडी लावली आणि मी एकटीने धार लावली. डाव्या हाताने धरलं, उजव्या कोपराने दाबलं. चार तास लागले. तो दर दहा मिनिटांनी दारावर थापा मारत होता, "मित्सी, बोटं आहेत ना?"

फार वाईट झालीय. नाणं ठेवलं तर एका बाजूला घसरून पडतं. डावं पातं तर मध्येच लाटेसारखं वर-खाली आहे. घालू नकोस, मान मोडून घेशील. फक्त बघायला पाठवतेय. नोव्हेंबरपासून तुला माझ्या हातचं म्हणून जे पाठवलं ते माझं नव्हतं. एकदा खरं पाठवावंसं वाटलं.

आत्या


केलम
सोमवार, २६ मार्च १९८४

आत्या,

हे पत्र पहिल्यांदाच टपालाने येतंय, म्हणून वास येणार नाही.

काल रविवार होता. दुपारी दोन ते चार रिंक सगळ्या गावाला खुली असते, तिकीट दीड डॉलर. मी तिकीट काढलं. अकरा वर्षांत बर्फावर जायला कधी तिकीट काढलं नव्हतं, खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्याकडून कसे घेऊ?" मी म्हटलं, घ्या.

तू लावलेली जोडी घातली.

आत्या, एवढी वाईट धार मी जन्मात पाहिली नाही. पहिल्याच पावलाला डावीकडे गेलो. सरळ जायचं म्हटलं की डावीकडे. थांबायचं म्हटलं की गोल फिरून भिंतीवर. खुर्ची ढकलत शिकणारी पाच-सहा वर्षांची पोरं मला वळसा घालून पुढे जात होती. दोनदा पडलो, एकदा पार्श्वभागावर आणि एकदा पॉपकॉर्नवाल्याच्या पायाशी. तो धारेच्या यंत्राजवळ उभा होता. म्हणाला, "काय ब्रोडनिक, कोणी लावली ही?"

"आमच्या आत्याने."

"मग आम्हीच काय वाईट होतो?"

थिबो पोरींना घेऊन आला होता. धाकटीने माझा हात धरला, म्हणाली, "तुला येत नाही का? मी शिकवते." तिने मला दोन फेऱ्या नेलं. थिबो भिंतीला टेकून रडेपर्यंत हसत होता. मीही हसलो. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

चार वाजता भोंगा वाजेपर्यंत खेळलो. मध्ये एकदाही बसलो नाही.

कारखान्यात आज काम सोडतोय म्हणून सांगून आलोय. समितीला कळव, सप्टेंबरला दोन हात येतायत, धड आहेत, पण त्यांना काही येत नाही, शिकवावं लागेल. कोण शिकवणार ते तू आणि तोइवो भांडून ठरवा. पन्हळ किती खोल यावर मात्र मी दोघांचंही ऐकणार नाही, समोरच्याचे पाय बघेन.

या गुरुवारच्या बसने बूट येतायत, आणि यावेळी मी बरोबर आहे. आल्या आल्या दिव्याखाली धर आणि अंगठ्याच्या नखाने कड तपासून बघ. तुझ्या धारेतलं काहीही उरलेलं नाही, आत्या. सगळं बर्फावर गेलं.

लेन